सिलेक्टरसाहेबांची निवड

जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमध्ये राहून बेसबॉलपायी रक्त आटवणारा माणूस मी एकच पाहिला. आम्ही त्यांना सिलेक्टरसाहेब म्हणायचो. मूळचे सांगलीचे, आमच्या कंपनीत ब्रेक-टेस्टिंग विभागाचे प्रमुख. जर्मनीत येण्याआधी बरीच वर्षं अमेरिकेत होते आणि तिथल्या एका कायम हरणाऱ्या टीमवर जीव लावून बसले होते. ती हरली की दुसऱ्या दिवशी साहेब कॅन्टीनमध्ये धड जेवायचे नाहीत. आता याला काय म्हणावं?

जर्मनीत फुटबॉलचा वर्ल्डकप झाला त्याच्या आगेमागेची गोष्ट. शनिवारी ते मला पोह्यांना बोलवत आणि कॉम्प्युटरवर टीमच्या बातम्या उघडून बसत. त्यांचा खरा राग हरण्यावर नव्हताच, ड्राफ्टवर होता. तिथे दरवर्षी सगळ्या टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात आणि तळाच्या टीमला आधी संधी मिळते. यांचे मॅनेजमेंटवाले नेमके शाळेतून नुकतीच बाहेर पडलेली पोरं उचलत. तेही कॉलेजात खेळून तयार झालेले बॅटर समोर उभे असताना!

"अरे, पंगत बसलीय आणि हे आंब्याची कोय पेरतायत!" साहेब ओरडत. "आल्झो, तर मग तू सांग, तू कुणाला घेतलं असतंस?"

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. "तयार माणसालाच," मी म्हणायचो.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" म्हणत ते माझ्या बशीत आणखी पोहे वाढत. आतून वहिनींचा आवाज यायचा, "अहो, त्याला खाऊ द्या आधी. तुमची टीम त्याने निवडलीय का?"

पुढे आमच्याच विभागात एक कायमची जागा निघाली. मी कंत्राटावर होतो. कंत्राट संपलं की व्हिसाचं काय, हा प्रश्न होता आणि बायको पुण्यात सामान बांधून बसली होती. शेवटी उमेदवार दोघंच उरलो: मी आणि श्टुटगार्टहून नुकतीच मास्टर्स झालेली जळगावची एक मुलगी. निवड साहेबांच्या हातात. मग मला कसली काळजी? बायकोला फोनवर सांगूनही टाकलं, झालंच समज.

साहेबांनी तिला घेतलं.

मी तडक त्यांच्या खोलीत गेलो. "तयार माणूस घ्या, असं तुम्हीच म्हणत होतात ना?"

"आजही म्हणतो. ती टीम चुकतेच आहे."

"मग मी?"

साहेबांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "तिच्यात काहीतरी दिसलं रे. काय ते विचारू नकोस, मलाही धड सांगता येत नाही. अनुभव नाही म्हणून सगळ्यांनी तिला परत पाठवलंय. तुला कुठेही घेतील. इंगोलश्टाटला माझा मित्र आहे, त्याच्याशी बोललोय मी."

मी तसाच बाहेर पडलो. भयंकर राग आला होता, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं होतं.

त्या मित्राने मला खरंच घेतलं, कायमच्या जागेवर. बायको आली, संसार मांडला. पण साहेबांनी मला डावललं की पुढे पाठवलं, याचा उलगडा काही होईना. एकदा फोन करून चांगलं भांडायचं, असं किती वेळा ठरवलं. दर वेळी आभार मानायचे की जाब विचारायचा, इथेच गाडी अडायची आणि फोन राहून जायचा.

मग एका सकाळी वहिनींचाच फोन आला, साहेब गेल्याचा. त्या रडत होत्या. माझ्या मनात एकच येत होतं, आता मी भांडू कुणाशी?