किती गिटारी पुरतील

एका माणसाला किती गिटारी लागतात, हे बायकोनं मला पहिल्यांदा विचारलं तेव्हा घरात तिसरी आली होती. ती भाकरी थापत होती. मी खोकं घेऊन आत आलो तशी तिनं मान वर केली आणि म्हणाली, "अहो, हात तर दोनच आहेत की तुम्हाला. गिटारी किती लागतात?"

रागानं नाही, कौतुकानंच विचारलं होतं. माझं उत्तरही तयार होतं. एक कार्यक्रमाला, एक घरी सरावाला, आणि ही नायलॉनच्या तारांची, हळुवार गाण्यांसाठी. प्रत्येकीचा आवाज वेगळा. तिला ते पटलं, किंवा पटल्यासारखं तिनं दाखवलं. खरं कारण मी सांगितलं नाही, कारण तोवर मी ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

माझं एक बोट उचलेनासं झालं होतं.

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या एका कारखान्यात माल पाठवण्याचं काम बघतो. दिवसभर यंत्रमागांचा खडखडाट कानात घेऊन घरी यायचं, आंघोळ करायची आणि गिटार मांडीवर घ्यायची, हा माझा कॉलेज सुटल्यापासूनचा नेम. तेव्हा घेतलेली एकच गिटार वर्षानुवर्षं मला पुरली होती. शहरातल्या एका ऑर्केस्ट्रात मी तीच वाजवायचो. लग्नं, गणपती, नवरात्र, कुणाचा साठीचा समारंभ. आमचा कीबोर्डवाला माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या घरात तेलुगू, बाहेर आमच्यासारखंच 'का बे, काय करायलास' चालायचं. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता वाजवू शकत होतो.

एका लग्नाच्या रिसेप्शनला, गाण्यामधल्या, मी शेकडो वेळा वाजवलेल्या तुकड्यात, डाव्या हाताची अनामिका तारेवर बसली ती उठेचना. नंतर ती तळव्याकडे वळली आणि तिच्यामागून करंगळीही आत ओढली गेली. तुकडा तुटला. मित्रानं तो कीबोर्डवर उचलून धरला, म्हणून पाहुण्यांना काही कळलं नाही.

"काय झालं बे?" खाली उतरल्यावर त्यानं विचारलं.

"तारा वर आल्यात. गिटारीची मान वाकलीय वाटतं."

"लई जुनी झाली रे ती. नवी घे की आता."

मला तेच ऐकायचं होतं. पुण्याला जाऊन बारीक मानेची, तारा अगदी खाली असलेली गिटार घेऊन आलो. आणि गंमत अशी की पहिले काही दिवस हात अगदी पूर्वीसारखा चालला. बोटं धावायला लागली. मी बायकोला म्हणालो, "बघ, गिटारीचाच दोष होता." मग एका संध्याकाळी बोट पुन्हा वळलं.

पुढचं सगळं तसंच होत गेलं. नायलॉनच्या तारांची आणली, ती थोडे दिवस चालली. मग लहान आकाराची एक आणली. मग एक इलेक्ट्रिक, जिच्या तारा केसासारख्या वाटायच्या. दर वेळी नव्या लाकडाला हात लावला की बोटं फसायची, सगळं विसरून नीट चालायची. आणि ओळख झाली की पुन्हा आत वळायची. मी सराव वाढवला. सुट्टीच्या दिवशी दुपारचं जेवण झालं की दार लावून बसायचो ते चहापर्यंत. जितकं वाजवावं तितकं बोट आणखी घट्ट मिटायचं.

ऑर्केस्ट्रातले गमतीनं म्हणायचे, "साहेबांनी दुकान काढलंय." मी त्यांना गिटारींतले फरक समजावून सांगायचो. लाकूड, मानेची जाडी, तारांचं अंतर. इतका बोलायचो की समोरच्याला वाटावं, हा माणूस आता खरा जाणकार झाला.

एकदा माझ्या मुलीबरोबर तिची कॉलेजातली मैत्रीण घरी आली. फोनवर व्हिडिओ बघून ती गिटार शिकत होती. भिंतीवरच्या गिटारी बघून तिला आनंद झाला, पण मुलीनं नेमकी कपाटामागची जुनी बाहेर काढली.

"ती नको," मी म्हणालो. "तिची मान गेलीय."

तोवर मैत्रिणीनं ती मांडीवर घेतली होती. तारा सुरात लावल्या आणि साधंच काहीतरी वाजवायला लागली. शिकाऊ हात, पण प्रत्येक सूर स्वच्छ. खोलीभर तो आवाज पसरला, मला पाठ असलेला, खर्जात थोडा जाडसर.

"काका, हिला काय झालंय? किती छान वाजतीय की."

मी गिटार तिच्या हातातून घेतली, डोळ्याजवळ धरली आणि मानेवरून नजर टाकली. मान सरळ होती. कुठंही बाक नव्हता. मी ती परत दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पीत उभा राहिलो.

बायको भाजी निवडत होती. तिनं वर न बघताच म्हटलं, "उद्या डॉक्टरांकडे जाऊ. मी येते बरोबर."

"कशाला?"

"आधी तुम्ही वाजवताना गुणगुणायचा. आता दात आवळून बसता. मला काय दिसत नाही होय?"

मेंदू आणि नसांचे ते डॉक्टर वयानं माझ्याएवढेच असतील. त्यांनी हात दाबून बघितला, सुया टोचून नसांची तपासणी केली, मग विचारायला लागले. शर्टाची बटणं लावता येतात? येतात. मोटरसायकलचा क्लच? दाबता येतो. भाकरी मोडता येते? येते. मग त्यांनी मला सोबत नेलेली गिटार वाजवायला सांगितली. ते टेबलाच्या काचेवर कोपर टेकून बघत होते, आणि माझं बोट शांतपणे आत वळलं.

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "मेंदूत प्रत्येक बोटाची आपली जागा असते. तुमच्या या दोन बोटांच्या जागा एकमेकींत मिसळल्यात. फार वर्षं, फार सराव करणाऱ्यांनाच हे होतं."

"बरं होईल?"

"पूर्वीसारखं होणं अवघड असतं. इंजेक्शनं आहेत, व्यायाम आहेत. बघू. पण तुमचं नोकरीचं काम अडत नाही ना?"

"नाही."

"मग चांगलंय की."

माणूस भला होता. मला धीर द्यावा म्हणूनच तो तसं म्हणाला. पण येताना गाडीवर मागे बसलेल्या बायकोनं माझ्या खांद्यावरचा हात काढला नाही. मला वाटत होतं, हात मोडला असता तर बरं झालं असतं. प्लास्टर दिसलं असतं, लोकांनी विचारलं असतं. आता मी जगातली सगळी कामं करू शकत होतो, एक सोडून.

इंजेक्शनं घेतली. बोट वळायचं थांबलं, पण त्यात जोरच उरला नाही. तार दाबली जाईना. व्यायाम केले. उलट्या बाजूनं तारा लावून उजव्या हातानं दाबायचा प्रयत्न केला, तेव्हा मुलगी दारात येऊन थांबली आणि परत गेली.

मग मित्र घरी आला. चहा निवला तरी त्यानं कप उचलला नाही.

"लग्नसराई तोंडावर आलीय," तो म्हणाला. "गिटारीचे तुकडे मी कीबोर्डवर घेतो. तसला आवाज निघतोय आता त्यात. पण तू ये. नुसता उभा राहा आमच्यासंगट. तू नसलास तर मला स्टेजवर कसंतरी वाटतंय बे."

नाही म्हणायला हवं होतं. पण त्याचा चेहरा बघून आणि खरं तर स्टेजच्या ओढीनं मी गेलो. गळ्यात सगळ्यांत देखणी गिटार अडकवली, वायर नुसतीच खाली सोडली, आणि मित्राच्या बोटांतून येणाऱ्या सुरांवर माझा हात वरखाली करत राहिलो. तो मला सांभाळून घेत होता. मी जिथं थोडा रेंगाळायचो, तिथं तोही रेंगाळत होता. इतक्या वर्षांची सवय.

कार्यक्रम संपल्यावर नवरीचे वडील स्टेजपाशी आले. माझा डावा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "काय गिटार वाजवली तुम्ही! बोटात जादू हाय."

मित्र मागे वायरी गुंडाळत होता. त्यानं ऐकलं आणि मान खाली घातली. मी "धन्यवाद" म्हणालो. दुसरं काय म्हणणार? त्यानंतर मी गेलो नाही, आणि त्यानंही पुन्हा बोलावलं नाही. आता कधी रस्त्यात भेटलो की मुलांच्या शिक्षणाचं बोलतो, उन्हाचं बोलतो. गाण्याचं दोघंही काढत नाही.

कारखान्यातला एक नवा इंजिनिअर परवा म्हणाला, "सर, तुमच्याकडं गिटारी आहेत म्हणे. मला एक घ्यायचीय, पण एक चांगली घेऊ का दोन साध्या?" कामाचं निमित्त काढून गोदामात गेलो आणि टॉवेलांच्या गठ्ठ्यांमध्ये बसून राहिलो. तिथं आवाज कमी येतो.

मुलगी म्हणते, देऊन टाका कुणाला तरी. बायको तसं म्हणत नाही. ती आठवड्यातून एकदा भिंतीवरच्या गिटारी पुसते. एकदा पुसताना तिचं फडकं तारेला लागलं आणि एक सूर निघाला. मी पेपर वाचत होतो. ती एकदम वळली, तळव्यानं तार दाबून धरली आणि म्हणाली, "चुकून लागलं हो."

तेव्हापासून ती मी कामावर गेल्यावर पुसते.