अण्णासरांचे तपासायचे राहिलेले कागद

माझ्या सरांना मी भर सभेत हसले होते.
परवा सर गेले. माफी मागायची राहूनच गेली.

आम्ही सगळे त्यांना अण्णासर म्हणायचो. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. मी आजऱ्याहून एम.एस्सी.ला आले तेव्हा कसबा बावड्यात त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहायचे. जेवणही त्यांच्याकडेच.

सरांना एकच नाद. रेडिओची लहर वर जाते, आकाशात उन्हामुळे विजेचा भार चढलेल्या थरांत वाकते आणि लांब कुठेतरी खाली उतरते. ती किती वाकेल, कुठे उतरेल, याचं गणित ते कॉम्प्युटरवर मांडायचे.

"ढगापर्यंतचं सगळेच बघतात की," म्हणायचे. "आपण त्याच्या वरचं बघायचं."

घर जैन. जेवण सूर्य मावळायच्या आत. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर सूर्यास्ताची वेळ बघून काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, खालून हाक मारायच्या, "मनीषा, पानं वाढल्यात. सूर्य थांबणार न्हाय तुझ्यासाठी."

माझ्यासारखी मटणावर वाढलेली पोरगी दोन वर्षं त्या वेळेला मुकाट जेवली. खरं सांगायचं तर आवडायला लागलं होतं.

सरांचे संध्याकाळचे आकडे मात्र जुळायचे नाहीत. गणित म्हणायचं, सूर्य मावळला, थर विरला, आता सिग्नल बंद पडणार. आणि रेडिओ पुढे तासभर खुशाल वाजत राहायचा. वर्षभर ते चूक शोधत होते.

ती मला सापडली. तीही कुठे, तर कॉलेजने पाहुणे म्हणून बोलावलेलं त्यांचं लेक्चर चालू असताना.

त्यांनी प्रोग्रॅम पडद्यावर दाखवला. त्यात सूर्यास्ताची वेळ होती ती घरातल्या कॅलेंडरवरची, म्हणजे जमिनीवरची. पण तीनशे किलोमीटर उंचीवर सूर्य तासाभराने उशिरा मावळतो. जितकं उंच, तितका तो जास्त वेळ दिसत राहतो. ज्या घड्याळावर घर चालायचं, तेच सरांनी नकळत आकाशाला लावलं होतं.

मी उभी राहिले आणि हसत म्हणाले, "सर, वरच्या थरालापण काकूंनी जेवायला बोलावलंय का?"

अख्खा हॉल हसला.

सरही हसले. "व्हय की, चुकलंच," म्हणाले, आणि लॅपटॉप मिटला.
लेक्चर अजून अर्धं बाकी होतं.

त्या दिवशी ते पानावरून लवकर उठले. महिन्याभरात मला शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी लागली आणि मी खोली सोडली.

शिरोली ते बावडा अंतर ते किती? सहा वर्षांत एकदाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जायचं? दिवाळीला मेसेज टाकायचे, त्यांचं "सुखी राहा" यायचं. तेवढ्यावर मी भागवलं.

आज काकूंना भेटायला गेले. धीर करून विचारलं, "काकू, सर माझ्यावर रागावले होते का?"

"राग न्हाय. पण लागलं होतं त्यांना. खोटं कशाला सांगू तुला?"

मग त्यांनी आतून एक जाडजूड फाइल आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"दुसऱ्या दिवसापासनं परत बसले. सगळं नव्यानं केलं. मी म्हटलं, पाठवा की कुठंतरी छापायला. तर म्हणाले, आधी मनीषा तपासंल. मग बोलवा की तिला, म्हटलं. तर म्हणाले, तिची नोकरी हाय, येईल सवडीनं."

काकूंनी टेबलाकडे बोट केलं. "टेबलावरच होती गं फाइल. मला हलवू देत नव्हते."

मला तिथे रडूसुद्धा धड आलं नाही.

दुपारपासून तपासत बसलेय. प्रत्येक उंचीला वेगळा सूर्यास्त घातलाय. संध्याकाळचे आकडे जुळताहेत. शेवटच्या पानावर पेन्सिलने लिहिलंय, "तपासले", आणि पुढे सहीला जागा सोडलीय.

आत्ता सही केली.

अण्णासर, सगळं बरोबर आहे. कुठेही चूक नाही.
एका फेरीचं काम होतं, आणि मी आले नाही.

माझा शेवटचा नमस्कार घ्या, सर.