मास्तरांचा रविवारचा राग

मास्तरांचा आवाज चढलेला त्यांच्या गाडीत शिकलेल्या कुणीही कधी ऐकला नव्हता. मोटार शिकवण्याचा त्यांचा धंदा जुना. छोटी निळी गाडी, टपावर शिकाऊची पाटी, आणि मास्तर बसत त्या बाजूला पायाशी एक जादा ब्रेक. एकदा बँकेतल्या एक बाई ब्रेकऐवजी भलतंच दाबून थेट फर्निचरच्या दुकानाच्या पायरीवर चढल्या. दुकानदार आतल्या सोफ्यावरून उठून ओरडत बाहेर आला, बाई रडायला लागल्या. मास्तर म्हणाले, "काही हरकत नाही. इथं पायरी आहे हे आता पक्कं लक्षात राहील. डोळे पुसा, रिव्हर्स टाका." बाई पुढं पास झाल्या आणि आपल्या दोन्ही नणंदांना त्यांनी मास्तरांकडेच धाडलं. भित्री माणसं, म्हातारपणी हौस आलेली माणसं, दुसऱ्या शिकवणाऱ्याच्या ओरड्यानं हाय खाल्लेली माणसं, सगळी शेवटी मास्तरांच्या दारात येत.

तेच मास्तर रविवारी सकाळी गोल्फच्या मैदानावर कुणी पाहिले असते, तर हा यांचा जुळा भाऊ असेल असं वाटलं असतं.

मैदान काही बड्या लोकांचं नव्हतं. शहराच्या कडेला कचरा टाकायची जुनी जागा होती, ती बुजवून नगरपालिकेनं गवत लावलं होतं. फी भरावी आणि खेळावं. एक तळं, वाळूचे चार खड्डे, तारेचं कुंपण आणि कुंपणापलीकडे धडधडणारा हमरस्ता. परदेशी निघालेल्या एका शिकाऊ गृहस्थांनी जाताना आपली जुनी स्टिकांची पिशवी मास्तरांना देऊन टाकली, तेव्हापासून हा नाद लागला. बरोबर दोघं असत. एक त्यांचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं शिंप्याचं दुकान होतं. दुसरे औषधांच्या दुकानाचे मालक, त्यांना सगळे औषधवाले म्हणत. औषधवाल्यांचा खेळ रडतखडत, मेहुण्याचा बेतास बात. मास्तरांचा खेळ त्या दोघांपेक्षा चांगला होता आणि सगळं दुखणं तिथंच होतं. आपल्याला येतं, हे त्यांना ठाऊक होतं. मग चेंडू तळ्यात गेला की तळपायाची आग मस्तकात जायची. ते चेंडूला शिव्या घालत, गवताला घालत, नगरपालिकेला घालत. पिशवीला लाथ मारत. स्टिक भिरकावून देत, मग स्वतःच फणफणत जाऊन उचलून आणत. एक स्टिक तळ्याच्या तळाशी होती, एक झाडात अडकून वाऱ्यानं कधीतरी खाली आली होती.

औषधवाले हसत. "मास्तर, आज पाच फेकल्यात. हात सुधारतोय."

"माझा राग चेंडूवर आहे," मास्तर म्हणत. "माणसावर मी कधी आवाज चढवला? सांगा कुणीतरी."

मेहुणा आपला नेहमीप्रमाणे चार पावलं मागं, पिशवी खांद्यावर, मान खाली घालून येत असे.

त्या रविवारी उकाडा मरणाचा होता. सातव्या होलाशी, म्हणजे चेंडू टाकायच्या सातव्या भोकाशी, पोचेपर्यंत मास्तर चांगलेच पुढं होते. चेंडू भोकापासून हातभर अंतरावर. लहान पोरानंही टाकला असता. मास्तरांनी वाकून अंदाज घेतला, हलकेच ढकलला. चेंडू भोकाच्या काठावरून फिरला आणि पलीकडे जाऊन थांबला.

मास्तरांनी स्टिक डोक्यावर उगारली. ती ते नेहमी पुढं फेकत. पण हात घामानं निसरडे झाले होते आणि स्टिक वरच्या वर मागं सुटली. मागून एक बारीक आवाज आला, ओली फांदी मोडावी तसा. वळून पाहतात तो मेहुणा गुडघ्यावर बसलेला. तोंड वाचवायला त्यानं उजवा हात वर केला होता आणि स्टिकचं लोखंड अंगठ्याच्या मुळाशी बसलं होतं.

"काही नाही, काही नाही," मेहुणा म्हणत होता. चेहरा मात्र खडूसारखा पांढरा.

औषधवाल्यांनी आपला रुमाल भिजवून हाताला गुंडाळला. मास्तरांनी गाडी काढली. दवाखान्यापर्यंत त्यांनी एकही खड्डा लागू दिला नाही, एकदाही हॉर्न वाजवला नाही.

तपासणीच्या खिडकीशी सिस्टरनं विचारलं, "कशानं झालं?"

"पाय घसरून पडलो," मेहुणा म्हणाला.

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सिस्टरनं तसं लिहून घेतलं. हाड मोडलं होतं. कोपरापर्यंत प्लास्टर, महिना-दीड महिना हाताला काम नाही, आणि नंतरही अंगठा पहिल्यासारखा वळेल की नाही हे आत्ताच सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. "काम काय करता?"

"कपडे बेततो," मेहुणा म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचे डोळे भरले. शाळा उघडायला आल्या होत्या. दुकानात एका शाळेच्या गणवेशांचं कापड छताला टेकलं होतं.

घरी बायकोनं विचारलं, "पडला कसा तो? तो तर मांजरासारखा चालतो."

"पडला नाही," मास्तर म्हणाले. "माझ्या हातून स्टिक सुटली." थोडं थांबून म्हणाले, "सुटली नाही. मी फेकली."

आरडाओरडा होईल, रडारड होईल, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. ती पोळपाट पुसत होती, पुसत राहिली. मग म्हणाली, "कधीतरी होणारच होतं." आणि थोड्या वेळानं, "उद्यापासून शेवटची शिकवणी झाली की दुकानात जायचं. बटणं तरी लावता येतील ना तुम्हाला?"

मास्तर गेले. दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढं गिऱ्हाइकांसाठी आरसा, मागं दोन मशिनं, मधे बेतायचं मोठं टेबल. मशिनवर दोन बायका होत्या, त्या शिवत. बेतणं, म्हणजे मापानं कापड कापणं, मात्र मेहुण्याचंच. मास्तर कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून बटणं लावायला लागले. बोटं टोचून चाळण झाली. पण शर्टांचा ढीग सरकत होता आणि प्रत्येक शर्टामागं त्यांना जरा बरं वाटत होतं. एवढ्यानं भागेल असंही वाटायला लागलं होतं.

खरी अडचण बेतण्याची होती. बाहेरून माणूस मिळेना. त्या दिवसांत सगळे बेतणारे कुठं ना कुठं अडकलेले. मेहुणा डाव्या हातानं खडूच्या रेघा मारायचा, वेड्यावाकड्या, पण बरोबर. शेवटी म्हणाला, "भाऊजी, तुम्ही कात्री धरा. मी सांगतो तसं चालवा."

पहिल्या संध्याकाळी बरं चाललं. दुसऱ्या संध्याकाळी मेहुणा आरशापाशी एका गिऱ्हाइकाशी बोलत होता, तेवढ्यात मास्तरांनी आपल्या मनानं कापडाचे पुढचे थर मांडले, सगळे सुलट बाजू वर करून. आपणही काहीतरी कुणी न सांगता करावं, एवढाच हेतू. मेहुणा येईपर्यंत विजारींचे पाय कापून तयार होते. त्यानं वरचे दोन तुकडे उचलले, एकमेकांवर ठेवले, उलटे केले, पुन्हा ठेवले.

"हे सगळे डावे पाय आहेत," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे डावे! सगळे डावे! कोण घालणार या विजारी?" आणि ज्या माणसाचा आवाज मशिनच्या आवाजातही कधी ऐकू यायचा नाही, त्यानं ते तुकडे उचलून मास्तरांच्या अंगावर फेकले. पट्टी फेकली. खडूचा डबा फेकला. मग प्लास्टरचा हात टेबलावर आपटला आणि कळ येऊन खालीच बसला. मशिनं थांबली. दोघी बायका उठल्या, चहा घेऊन येतो म्हणाल्या आणि दोघीही बाहेर गेल्या.

मास्तर त्याच्या शेजारी बसले. शिकाऊ माणसाशी बोलत त्याच आवाजात म्हणाले, "काही हरकत नाही. आधी शांत—"

"तसं बोलू नका माझ्याशी!" मेहुणा म्हणाला. "तो आवाज तुम्ही गाडीतल्या लोकांसाठी ठेवता. आम्हाला कधी मिळाला तो?"

मास्तर खाली पडलेले तुकडे गोळा करू लागले.

"मैदानावर मी तुमच्या मागून का चालतो, ठाऊक आहे तुम्हाला?"

"हळू चालतोस म्हणून."

"मी हळू चालतो? कापडबाजारात माझ्याबरोबर चालून दाखवा एकदा. भाऊजी, तुम्ही पुढं फेकता, म्हणून मी मागं राहतो. पहिल्या वर्षीच ठरवलं मी. पुढं जायचं नाही, शेजारी यायचं नाही."

"मग येतोस कशाला दर रविवारी?"

बोलून चुकल्यावर आता अर्धं ठेवण्यात अर्थ नाही, असं काहीसं मेहुण्याच्या चेहऱ्यावर होतं. "ताई सांगते म्हणून. खेळ संपला, तुम्ही गाडीकडे निघालात, की मी तिला फोन करतो. आज कसं झालं ते सांगतो. वाईट झालं असेल तर ती तुमच्या पोरीला मैत्रिणीकडे पाठवते."

"मी घरात कुणाला बोटही लावलेलं नाही!"

"नाही लावलं," मेहुणा म्हणाला. "मी तरी कुठं तसं म्हटलं?"

रस्त्यावरून घरी येताना मास्तरांनी गाडी दोनदा बाजूला घेतली. पहिल्यांदा त्यांना मेहुण्याचा संताप आला होता. दुसऱ्यांदा, बायकोनं आपल्या पाठीमागं असलं काही चालवावं याचा. तिसऱ्यांदा संतापायला कुणी उरलं नाही. मग ते घरी गेले.

मुलगी जेवणाच्या टेबलावर भूगोलाचे नकाशे रंगवत बसली होती. मास्तर समोरची खुर्ची ओढून बसले.

"रविवारी मी घरी येतो तेव्हा तू कुठं असतेस?"

तिनं आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, सांग म्हणून.

"कधी इथं. कधी बाहेर."

"मी ओरडतो का तुझ्यावर?"

"नाही," ती म्हणाली. ब्रश पाण्यात बुडवत थोडा विचार करून म्हणाली, "तुम्ही बोलतच नाही, बाबा. कपाटाची दारं आपटता. बूट भिंतीपाशी नेऊन ठेवता ना, ते ठेवत नाही, टाकता. मग आम्ही टीव्ही बंद करतो. आई भाजी हळू चिरते. आता काय होणार, असं वाटत राहतं. होत काहीच नाही. पण वाटत राहतं." आणि पुन्हा नकाशात मान घातली. कुणाची तक्रार करावी असा तिचा सूर नव्हता. पाऊस येईलसं वाटतंय असं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

मास्तर उठले, आणि खुर्ची जागेवर सरकवताना आपण ती किती हळू सरकवतोय हे सगळे ऐकतायत, असं त्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवण्या सुरू व्हायच्या आत ते दवाखान्यात गेले. तपासणीच्या खिडकीत तीच सिस्टर होती. माझा मेहुणा पडला नव्हता, मी स्टिक फेकली, ते तसं लिहून घ्या, असं त्यांनी सांगितलं. तिनं त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आता काय उपयोग त्याचा?" म्हणाली. "त्यांना काही तक्रार करायचीय का?" नाही, म्हणाले मास्तर. "मग जा घरी." पाठीमागं रांग होती.

गणवेश शाळा उघडल्यावर आठवडाभरानं गेले. शाळेच्या बाईंनी नापसंती दाखवली आणि पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे दिलं. डाव्या पायांचं मेहुण्यानं काय केलं ते मास्तरांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक झाला होता आणि अंगठा अर्ध्यातच थांबत होता. मोठी कात्री तासभर चालवली की तो सुजे. मग मेहुण्यानं बेतायला एक माणूस ठेवला आणि स्वतः मापं घ्यायला पुढं आरशापाशी उभा राहू लागला. तिथं त्याला करमत नसे हे कुणालाही दिसलं असतं. मास्तर आठवड्यातून दोन संध्याकाळी बटणं लावायला जात राहिले. आता त्याची गरज नव्हती. त्यांना कुणी या म्हटलं नाही, येऊ नका असंही म्हटलं नाही. स्टूल मात्र कोपऱ्यात तसंच राहिलं.

स्टिकांची पिशवी माळ्यावर गेली होती. ती खाली काढायला लावली मेहुण्यानंच. अंगठ्याचा व्यायाम करून घेणाऱ्या बाईंनी त्याला सांगितलं होतं, मुठीत काहीतरी जाडसर धरून फिरवत जा. "रबरी चेंडू दाबून कंटाळा आलाय, भाऊजी. रविवारी जाऊ या."

"तू जा औषधवाल्यांबरोबर."

"ते सारखं गुडघ्याबद्दल बोलतात. मी एकटा ऐकणार नाही."

मास्तर गेले, पण आधी नुसते पिशवी वाहायला. दोन रविवार तसे गेले. तिसऱ्या रविवारी औषधवाल्यांनी त्यांच्या हातात स्टिक खुपसली. हात गंजला होता. चौथ्या होलाशी चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. मास्तर खाली उतरले, मारला. वाळू उडाली, चेंडू तिथंच. पुन्हा मारला. चेंडू काठापर्यंत चढला आणि गडगडत परत त्यांच्या बुटाशी आला. मानेवरची शीर तट्ट फुगलेली दोघांना वरून दिसली. औषधवाले आपोआप दोन पावलं मागं सरले. मास्तरांना ते दिसलं.

"मला राग आलाय," मास्तर मोठ्यानं म्हणाले.

"दिसतोय," मेहुणा म्हणाला.

"फार आलाय."

"बरं."

मास्तरांनी स्टिक वाळूवर आडवी ठेवली, खड्ड्यातून वर आले आणि कुंपणापर्यंत चालत गेले. तार दोन्ही हातांनी धरून हमरस्त्याकडे पाहत उभे राहिले. मागून आलेली मंडळी खोळंबली. मेहुण्यानं त्यांना हातानं पुढं जायला सांगितलं. ती पुढं गेली, जाताना एकानं विचारलं, "त्यांना बरं वाटत नाही का?" "बरे आहेत, येतील," मेहुणा म्हणाला. बराच वेळ गेला. मास्तर परत आले तेव्हाही त्यांचा चेहरा लाल होता. खड्ड्यात उतरले, तिसऱ्यांदा मारला. चेंडू बाहेर आला, पण भलत्याच दिशेला.

राग त्यांचा गेला नाही. अजूनही ते वर्षातून एखाद्या वेळी शिवी हासडतात. कुंपणापर्यंतच्या फेऱ्या मात्र मैदानावर सगळ्यांना ठाऊक झाल्या आहेत आणि त्यांच्या मागं खेळायला नको म्हणून लोक लवकर येऊन नंबर लावतात. घरी कपाटाचं एखादं दार अजून जोरात लागतं; मग मास्तर ते पुन्हा उघडून हळू लावतात, आणि मुलगी आतून ओरडते, "ऐकलं, बाबा!"

त्या तिसऱ्या रविवारी जिंकले औषधवाले. आयुष्यात पहिल्यांदा. गाडीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, गुडघ्याबद्दलही नाही. मग टपरीवर चहा सांगताना म्हणाले, "मास्तर, तुम्ही तिथं तारेशी गेलात ना, तेव्हा मला वाटलं, आज आपल्याला संधी आहे."