मॅनेजरकाकांचा झरा

मॅनेजरकाका समोरच्याच्या चेहऱ्याआधी पायांकडे बघायचे. सिंगापूरला, पुंगोलच्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पहिल्यांदा भेटले तेव्हा मला म्हणाले, "टाचा दुखतात ना? उभं राहण्यावरून कळतं." मी बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये दिवसभर उभी असायची. टाचा खरंच दुखत होत्या.

काकांनी आयुष्य काढलं ते विदर्भातल्या एका जंक्शनला लागून असलेल्या रेल्वे हॉटेलाचे मॅनेजर म्हणून. इमारत व्हिक्टोरिया राणीच्या काळातली. थंड हवेच्या ठिकाणी प्रकृती सुधारायला निघालेले साहेबलोक तिथे मुक्कामाला उतरायचे. काका नोकरीला लागले तेव्हा साहेब केव्हाच गेले होते. पण बिडाचे टब शिल्लक होते, आणि उतारू आला की आधी आंघोळीचं पाणी, मग नावनोंदणी, हा नियमही. पुढे हॉटेल बंद पडलं, काकी गेल्या आणि काका मुलीकडे सिंगापूरला आले. ऐटीत सांगायचे, "मी रिटायर झालो नाही. माझं हॉटेल रिटायर झालं."

सिंगापुरातच सेंबावांगला गरम पाण्याचा झरा आहे, हे त्यांनी महिन्याभरात शोधून काढलं. झरा कसला, कुंपणामधली पायवाट, सिमेंटचा ओटा आणि थोडे नळ. लोक घरून बादल्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आणायचे. "इमारत नाही, पण पाणी अस्सल आहे," असा निकाल देऊन काकांनी दर शनिवारी सकाळी तिथला कारभार हाती घेतला. त्यांना कोणी नेमलं नव्हतं. कढत पाण्यात गार किती मिसळायचं, पाय किती वेळ बुडवायचे, हे ते चिनी आजी-आजोबांना मराठीत आणि हातवाऱ्यांनी सांगायचे. "युवर अंकल व्हेरी स्ट्रिक्ट, लाह," अशी एक आंटी तिथल्या धाटणीच्या इंग्रजीत माझ्याजवळ कुरकुरली, आणि तिने निमूटपणे पाय बाहेर काढले.

बाबा गेल्यावर मी आईला इकडे आणलं. आयुष्यभर शाळेत शिकवलेली माझी आई दोन महिने फ्लॅटबाहेर पडली नाही. मी समजावून थकले. एका संध्याकाळी काका आले. सांत्वनाचं काही बोलले नाहीत. "बाई, झऱ्यावरच्या बायका माझं ऐकत नाहीत. तुम्ही वर्ग सांभाळलेत. शनिवारी यावं लागेल." आई नाही म्हणायच्या आत त्यांनी बसची वेळ सांगून टाकली.

शनिवारी आईने पाय पाण्यात सोडले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. मी तिच्याकडे जाणार तोच काकांनी मला हाताने थांबवलं. तिच्या मांडीवर टॉवेल ठेवला आणि मला कुंपणापर्यंत घेऊन गेले. "अशा वेळी खोलीत थांबायचं नसतं," हॉटेलातला नियम सांगावा तसं हळूच म्हणाले. बराच वेळ आम्ही पाठ फिरवून उभे होतो. परतलो तेव्हा आई शेजारच्या आंटीची बादली स्वतःकडे ओढून, त्यात गार पाणी ओतत होती.

दोन वर्षांनी जावयाची बदली झाली आणि काका गावी परतले. जाण्याआधी त्यांनी आईला झऱ्याचा रीतसर चार्ज दिला: आधी नळ दाखवले, मग माणसं. कोणाचा गुडघा, कोणाची कंबर, सगळं सांगितलं.

पुढच्या वर्षी एका शुक्रवारी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका झोपेतच गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आई बादल्या घेऊन दारात चपला घालत होती. आजच्या दिवस राहू दे, असं मी म्हटलं.

"लोक येऊन बसले असतील," ती म्हणाली आणि तिने लिफ्टचं बटण दाबलं.