इंदूताईंचा प्रश्न

इंदूताई पहिल्यांदा आमच्या तोआ पायोहच्या घरी हळदीकुंकवाला आल्या, तेव्हा चपला काढून बाहेरच थांबल्या आणि जाळीच्या दारातून मला म्हणाल्या, "तुमच्या घरात बंदूक आहे का हो?"

सिंगापुरात! जिथे बंदूक दिसलीच तर पोलिसाच्या कमरेला, नाहीतर सैन्यात गेलेल्या मुलांच्या हातात. तुमचे आजोबा आतून ओरडले, "होळीची पिचकारी आहे. चालेल?"

"चालेल. पण कुलपात ठेवा," म्हणत त्या आत आल्या.

मुलांनो, ही बाई चक्रम नव्हती. आमच्या खालच्या मजल्यावर त्या लेकीकडे राहायच्या आणि दरवर्षी काही महिने अमेरिकेत मुलाकडे, समीरकडे जायच्या. तिथे नातू निहार मित्रांच्या घरी खेळायला जाई. "कुणाच्या खणात काय असेल, आपल्याला काय ठाऊक? विचारायला हवं. पण पाहुण्या बाईने असं विचारायचं कसं? जीभ उचलत नाही. म्हणून इथे सवय करते. इथे कुणी दुखावत नाही." लिफ्टमध्ये चिनी शेजारणीलाही विचारून झालं होतं. ती खो खो हसली. "आंटी, हिअर व्हेअर गॉट गन, लाह!" म्हणजे, इथे कुठली आलीय बंदूक!

तिकडे एखाद्या शाळेत गोळीबार झाला की इंदूताई माझ्याकडे येऊन बसत. टीव्हीवर एक बाजू म्हणे, कायदा कडक करा. दुसरी म्हणे, स्वतःचं रक्षण हा आमचा हक्क आहे. विधेयक यायचं, अडायचं, विसरलं जायचं. पुढच्या गोळीबारानंतर पुन्हा तीच माणसं, तीच वाक्यं. इंदूताई रिमोट घेऊन आवाज बंद करत. "यांचं ठरेपर्यंत निहारला मिशा येतील. कायदा व्हायचा तेव्हा होवो, मी आपली दार वाजवून विचारते."

आणि एका वर्षी त्यांनी खरंच विचारलं. निहारच्या जिवलग मित्राच्या आईला.

"ती म्हणाली, आहे, पलंगाजवळच्या खणात. मी म्हटलं, मग मुलं आमच्याकडे खेळू देत, मी पोहे करते. इतकंच हो! तिला वाटलं, मी राजकारण घेऊन दारात आले."

मित्र यायचा बंद झाला. त्याच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं नाही. समीर स्वतः कडक कायद्याच्या बाजूचा, सभांना जाऊन जाऊन दमलेला. तोही म्हणाला, "आई, मत मतपेटीत टाकायचं. शेजाऱ्यांच्या दारात नाही." निहारने तर आजीशी बोलणंच सोडलं. त्या परत आल्यावर रविवारी माझ्याकडे बसून फोन लावत. पलीकडून समीर म्हणे, "खेळतोय गं तो."

"एकदा सॉरी म्हणून टाका ना," मी म्हटलं. "पोरगं आहे."

"म्हणते की. वाढदिवस हुकला त्याबद्दल म्हणते. विचारलं त्याबद्दल नाही म्हणणार." फोन पालथा ठेवून त्यांनी गार झालेला चहा संपवला. त्या दिवशी त्या मला एकदम म्हाताऱ्या वाटल्या.

पुढच्या खेपेलाही त्यांनी विचारलंच. कुणी कुलूपबंद कपाट दाखवलं, कुणी दार लावून घेतलं.

गेल्या वर्षी इंदूताई लेकीकडेच, झोपेत गेल्या. निहार आला होता. माझ्या जाळीच्या दाराशी उभा राहिला, उंच, ओठावर कोवळ्या मिशा. घरात टीव्हीवर तीच दोन माणसं भांडत होती. मी आवाज बंद केला.

"आजीने तुम्हालाही विचारलं होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"आमच्या अख्ख्या गल्लीला. सो एम्बॅरसिंग." चौकटीला टेकून तो म्हणाला, "त्या मित्राच्या घरी मी परत कधी गेलो नाही. आजीने जाऊ दिलं नसतं." मग बुटांच्या नाड्या सोडायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

पुढच्या महिन्यात मी अमेरिकेत तुमच्याकडे येते आहे. तुम्ही कुणाकुणाकडे खेळायला जाता, ते आईला सांगून ठेवा. लिफ्टमध्ये मीही विचारायची सवय करते आहे. जीभ अजून अडखळते. तुम्हाला माझी लाज वाटेल. वाटू दे.