गोधडीचा घास

आंध्रातून तेलंगण वेगळं झालं, त्या वर्षी शहरातल्या कितीतरी पाट्या बदलल्या. सिकंदराबादच्या एका मोठ्या सरकारी गेस्ट हाऊसचं दुखणं वेगळंच होतं. तिथल्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर जुन्या राज्याचं नाव रंगीत दोऱ्याने भरलेलं. चादरी धडधाकट, नाव बाद. मॅनेजरना त्या फेकवेनात आणि अंथरवेनातही.

माझी आई तेव्हा विद्यानगरच्या आमच्या घरात आजूबाजूच्या बायका जमवून गोधड्या शिवायची. सुलतान बाजारातल्या कापडदुकानांत उरलेली ठाणांची टोकं ती गोळा करून आणायची. आम्ही याला तिचा विरंगुळा म्हणायचो आणि त्याचा तिला भारी राग. त्यामुळे त्या चादरी आत घालून गोधड्या करून द्याल का, असं मॅनेजरनी विचारलं, तेव्हा ती जाम खूश झाली. पहिला गठ्ठा पसंत पडला तर बाकीच्या चादरीही मिळणार, बायकांना वर्षभर काम. मग कुणाची टाप होती विरंगुळा म्हणायची!

गठ्ठा पोचला आणि थोड्याच दिवसांत परत आला. बहुतेक गोधड्यांचा एकेक कोपरा उंदरांनी कुरतडला होता. मॅनेजर स्वतः आले होते. त्यांनी एका कोपऱ्यातून वाळका तुकडा काढून आईपुढे धरला.

“अम्मा, ये रोटी कायकू सिये अंदर?”

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे, मराठवाड्यापासूनची रीत, शेवटचा कोपरा शिवण्याआधी गोधडीला भाकरीचा घास भरवतात. घरच्या गोधडीचं ठीक आहे. पण बाईसाहेबांनी ऑर्डरच्या गोधड्यांनाही एकेक करून जेवू घातलं होतं!

“गोधडी भूकी रही तो सोनेवाले कू नींद कैसी आती, साब?” आई म्हणाली. ती थट्टा करत नव्हती.

मॅनेजर भला माणूस. कोपरे नीट करून द्या, रोटी नक्को, बाकी काम एक नंबर, एवढंच म्हणाले. ते गेल्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं.

“धंदा करायचाय की देवधर्म?” मी म्हणाले.

“उपाशी गोधडी कुणाच्या अंगावर कशी घालू ग?”

बायका खाली माना घालून बसल्या होत्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं. मग कात्री घेऊन तिने स्वतः सगळे कोपरे उसवले.

काम टिकलं. आता आणखी हॉटेलांच्या जुन्या चादरी, पडदे आमच्याकडे येतात. विरंगुळा कुणी म्हणत नाही. आई कापड निवडते, जोड लावते, टाका वाकडा गेला की ओरडते. तिचा धंदा तिला मिळाला याचा मला आनंद आहे, आणि तरी वाईट वाटतं. कारण शेवटचा कोपरा शिवायची वेळ आली, की ती सुई दुसऱ्या कुणाच्या हातात देते आणि उठून आत जाते.