आमच्याकडचा फिका रंग

आईच्या माहेरच्या सगळ्या बायका फिक्या. घरात त्याला गोरेपणा म्हणतात. माझं लग्न जमलं तेव्हा होणाऱ्या सासूबाईही म्हणाल्या, "आईवर गेलीय हो, रंग बघा." आई हसली. मी खाली बघत राहिले. चारचौघांत मी बहुतेक तेच करते.

त्याच महिन्यात नवघरच्या आमच्या सोसायटीत रक्तदान शिबिर होतं. हिमोग्लोबिन कमी म्हणून मला सलग तिसऱ्या वर्षी परत पाठवलं. बीट, खजूर, अळिवाचे लाडू, लोहाच्या गोळ्या, सगळं लहानपणापासून चालू होतं. इतकं खाऊनही काहीच फरक कसा पडत नाही? घरी न सांगता मी वेगळी तपासणी करून घेतली. थॅलेसेमिया मायनर निघाला, म्हणजे रक्तातला आनुवंशिक दोष, पण एकाच बाजूने आलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुला काही होणार नाही. होणाऱ्या नवऱ्याची तपासणी मात्र करून घे."

का, ते विचारावं लागलं नाही. दहावीत आनुवंशिकतेच्या धड्याला आम्ही वाटाण्याच्या रोपांचे चौकोन काढायचो. आईकडून एक दोष, वडिलांकडून एक, असे दोन्ही आले तर मूल आजारी. त्याला जन्मभर रक्त चढवायचं. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक शक्यता. एकच असेल तर ती भीती नाही. परीक्षेत मला यात पूर्ण मार्क होते.

मी रिपोर्ट आईसमोर ठेवला. तिने वाचला आणि घडी घातली. हे काय असतं, असं तिने विचारलंच नाही. मला साधा खोकला झाला तरी दहा प्रश्न विचारणारी बाई.

"तुला माहीत होतं?"

"मला काय झालंय? दोन मुली झाल्या, धडधाकट."

"बाबांना नसेल म्हणून. मोरव्याच्या मावशीची मुलगी कशाने गेली?"

"तापाने. किती वेळा सांगायचं?"

त्या मुलीच्या हातावरची चिकटपट्टी मला आठवत होती. दर महिन्याला नवी असायची.

"तापाला दर महिन्याला रक्त चढवतात?"

आईने आवाज खाली आणला. "साखरपुडा होऊ दे, मग सांग. आत्ता सांगितलंस तर म्हणतील, मुलीतच खोट आहे."

साखरपुड्यानंतर ती म्हणाली असती, लग्न होऊ दे. मी बाल्कनीत जाऊन रिपोर्टचा फोटो होणाऱ्या नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, 'तूही तपासून घे.' निळ्या खुणा लगेच आल्या, उत्तर दुसऱ्या दिवशी.

'मम्मी म्हणते, आमच्याकडे असलं काही नाही.'

'माझी आईपण हेच म्हणायची.'

त्यावर त्याने नुसता हसरा चेहरा पाठवला. त्या चेहऱ्याचा अर्थ लावण्यात माझे दोन दिवस गेले.

आठवड्याने त्याचा रिपोर्ट आला. नॉर्मल. मी तो स्क्रीनवर मोठा करून नाव, वय, तारीख, सही, सगळं पाहिलं. तरी राहवेना. लॅबला फोन लावून रिपोर्टचा नंबर सांगितला.

"आप कौन, मॅडम?"

"होनेवाली वाइफ." हे मी पहिल्यांदाच मोठ्याने बोलत होते.

पलीकडची मुलगी हसली. "हमारा ही रिपोर्ट है मॅडम, टेन्शन मत लो."

फोन ठेवला तर आई दारात उभी होती.

"खरा आहे ना गं?"

मी मान हलवली. ती खुर्चीवर बसली आणि मावशीच्या मुलीला शेवटच्या वर्षी किती वेळा रक्त लागलं, कुठून कुठून आणलं, ते सांगायला लागली.